छप्पन्नाव्या घटीची शंका

एकादशीला आकाशात काहीच घडत नाही. ग्रहणात सूर्य झाकला जातो, पौर्णिमेला चंद्र पुरा होतो, ते लहान पोरालाही दिसतं. शुद्ध एकादशी लागते तेव्हा मात्र चंद्र सूर्याच्या पुढे १२० अंश गेलेला असतो, एवढंच. १३२ अंश झाले की ती संपते. वद्य पक्षात हेच आकडे ३०० आणि ३१२. त्या जागी आकाशात खूण नाही, आणि चंद्र तिथून जाताना क्षणभरही थबकत नाही. ज्या रेषेवर लाखो लोकांचं जेवणखाण ठरतं ती केवळ हिशेबातली. तो हिशेबही, पंचांग कुठलंही घ्या, थोडाफार अंदाजाचाच असतो. मग अंदाजाने काढलेल्या वेळेवर धरलेलं व्रत खरं मानायचं का?

हा प्रश्न मामंजींचा. मी अलिबागेत कॉलेजात गणित शिकवत होते आणि ते कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त होऊन घरी होते. आमचं घराणं स्मार्त. पण मामंजींनी तरुणपणी पंढरपूरला जाऊन माळ घातली, आणि तेव्हापासून घरात एकादशी धरायची ती भागवत. पंचांग मात्र त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं, ग्रहलाघवाच्या गणिताचं. कालनिर्णय १९७३ साली निघालं आणि लवकरच आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलं, ते माझ्यामुळे. दुधाचा हिशेब लिहायला सोयीचं म्हणून. मग एका वर्षी कार्तिकाच्या तोंडावर दोन्हीकडे एकादशीचे वेगवेगळे दिवस निघाले. मामंजींनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सूनबाई, यातलं एक चूक आहे. माझं चूक असेल, तर इतकी वर्षं देवासमोर पाणी सोडताना मी खोटं बोलतोय."

पुण्य वाया गेलं का, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांना टोचत होतं ते वाचेचं असत्य. संकल्पात माणूस स्वतःचा पुरता पत्ता सांगतो: कुठल्या देशात, नदीच्या कुठल्या तीरावर, कोणत्या संवत्सरात, कोणत्या मासात, पक्षात, तिथीला मी हे करतो आहे. त्यात 'साधारण' हा शब्द कुठेच येत नाही. दशमी सरलेली नसताना 'एकादशीला' म्हणून पाणी सोडलं, तर पहिल्याच वाक्यात खोटं बोलून व्रताला सुरुवात झाली.

मी त्यांना गणित सांगायला बसले. वर्गात हा विषय मी २६ च्या वर्गमुळाने सुरू करायचे. २५ चं वर्गमूळ ५, ते पाठच असतं. २६ चं किती? वर्गमुळाचा आलेख २५ पाशी किती चढतोय ते पाहायचं. तिथे चढ एक दशांश आहे, म्हणजे संख्या एकाने वाढली तर मूळ ०.१ ने वाढेल. उत्तर ५.१. खरं उत्तर ५.०९९०२, हजारांशाचीसुद्धा चूक नाही. पण त्याच चढाने ३० पर्यंत गेलं तर ५.५ येतं आणि खरं असतं ५.४७७. पोरं हट्टाने ५० पर्यंत नेतात. तिथे ७.५ येतं, खरं ७.०७१. वक्ररेषा वाकत गेली आणि आपण स्पर्शिकेवरून सरळच चालत राहिलो. अंतर पाचपट झालं तर चूक पाचपट होत नाही, जवळजवळ पंचवीसपट होते. उलट अंतर निम्मं केलं की चूक साधारण पावच उरते. लिनिअर अ‍ॅप्रॉक्सिमेशनचा सगळा धडा या एका गोष्टीसाठी असतो, आणि परीक्षेत नेमकं हेच कुणी विचारत नाही.

तिथी काढणारा जोशी हेच करतो. त्याचा '२५' म्हणजे त्या दिवशीचा सूर्योदय. समजा दशमीच्या सकाळी चंद्र सूर्याच्या १०८ अंश ४० कला पुढे आहे. दशमी संपायला १२० अंश व्हायला हवेत, म्हणजे उरले ११ अंश २० कला, एकूण ६८० कला. चंद्राची मध्यम गती दिवसाला ७९० कला, सूर्याची ५९, गत्यंतर ७३१. सहाशे ऐंशीला साठाने गुणायचं, सातशे एकतीसने भागायचं. ५५ घटी ४९ पळे. सूर्योदयापासून इतक्या वेळाने दशमी संपणार. घटी म्हणजे २४ मिनिटं, पळ म्हणजे २४ सेकंद. आणि पंचांगात तिथीपुढे छापलेले दोन आकडे ते हेच.

आता गतीत फक्त सहा कलांचा फरक करा. ७३१ च्या जागी ७२५ घ्या. दशमी ५६ घटी १७ पळांपर्यंत लांबते. अकरा मिनिटं इकडची तिकडे. रोजच्या व्यवहारात याने काय बिघडतं? पण भागवतांचा नियम असा की सूर्योदयाच्या चार घटी आधी अरुणोदय होतो, आणि त्या वेळी दशमी शिल्लक असेल तर ती एकादशी विद्धा, म्हणजे दशमीचा वेध लागलेली. उपास द्वादशीला करायचा. चार घटी आधी म्हणजे आदल्या सूर्योदयापासून ५६ घटींवर. पहिल्या हिशेबात दशमी त्याच्या अलीकडे संपते, दुसऱ्यात पलीकडे. अकरा मिनिटांनी उपासाचा वार बदलला.

चंद्राची गती काही सहा कलांनी बदलणारी नव्हे. ती दिवसाला पावणेबारा अंशांपासून सव्वापंधरा अंशांपर्यंत कुठेही असते, आणि जुन्या सिद्धांतांच्या हिशेबानेही एका दिवसात पंधरा-सोळा कलांनी कमी-जास्त होऊ शकते. सकाळची गती धरून दिवसभर चाललं तर दशमीच्या या उदाहरणात सात कलांपर्यंत, म्हणजे अर्ध्या घटीहून थोडी अधिक चूक साचेल. मी कागदावर हे करून दाखवलं तेव्हा मामंजी म्हणाले, "मग जुन्या लोकांना हे कळत नव्हतं, असं म्हणायचंय का तुला?"

चांगलंच कळत होतं. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धांतशिरोमणीत तिथीच्याच संदर्भात सांगून ठेवलं आहे: तिथीचा अंत जवळ असेल तर चंद्र तात्कालिक गतीने पुढे न्यावा, दूर असेल तर आजच्या आणि उद्याच्या स्थानांच्या वजाबाकीतून निघालेली दिवसाची गती वापरावी, कारण चंद्राची गती मोठी आहे आणि ती क्षणोक्षणी सारखी राहत नाही. अलिबागहून सुटलेली एसटी कार्लेखिंडीच्या चढाला लागली असताना पुढचा मैलाचा दगड कधी येईल हे वेगाच्या काट्याकडे बघून सांगावं. पेण कधी येईल ते सांगायला रोजचा सरासरी वेळच बरा. जवळ स्पर्शिका, दूर जीवा. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी चाळीसगावजवळच्या पाटणला ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने, चांगदेवाने, मठ उभा केला आणि तसा शिलालेख कोरवला, त्या माणसाला हा फरक पुरता ठाऊक होता. (याचा अर्थ कॅल्क्युलस आपणच शोधलं आणि ते चोरीला गेलं, असा नाही. असले संदेश मला आठवड्याला येतात. तात्कालिक गतीचा नियम भास्कराचार्यांच्या आधी मुंजालाच्या दहाव्या शतकातल्या लघुमानसातही सापडतो, आणि कोणत्याही वक्राला लावता येईल अशी सर्वसाधारण रीत या दोघांनीही मांडलेली नाही. जे केलं ते एवढं अव्वल आहे की त्याला उसना मुकुट घालायची गरज नाही.)

मामंजी शांत झाले नाहीत. त्यांचा मुद्दा बरोबर होता: जवळ-दूर सगळं ठीक, पण वार एकच निवडायचा असतो.

इथे गणित आणि व्रत यांचा खरा खटका आहे असं मला वाटतं. गणिताचा दिलासा असा की थोडं चुकलात तर उत्तरही थोडंच चुकेल. ५६ घटींचा उंबरठा हा दिलासा काढून घेतो. एका बाजूला शनिवार, दुसऱ्या बाजूला रविवार, मध्ये काही नाही. आणि अधिक अचूक मोजून यातून सुटका होत नाही. पळं सोडून सेकंद मोजा, सेकंदाचे शतांश मोजा. जितक्या सूक्ष्मात जाल तितकी शंकेची पट्टी अरुंद होईल, पण कधीतरी एखादी दशमी त्या पट्टीच्या आत संपेलच. चंद्राला आपल्या उंबरठ्याची कल्पना नाही. गणिती म्हणून हे सांगायला जड जातं, पण खरं आहे: काही प्रश्न अचूकतेने सुटत नाहीत, फक्त दुर्मीळ होतात.

मामंजी उठले आणि आतून धर्मसिंधू घेऊन आले. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांचा अठराव्या शतकाच्या अखेरचा ग्रंथ. त्यांच्या प्रतीची पानं हळदीने पिवळी झालेली. धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी हा पेच आधीच सोडवून ठेवला होता. वेधाबद्दल शंका असेल, जाणत्यांमध्ये वाद असेल, तर द्वादशीला उपास करावा आणि त्रयोदशीला पारणं फेडावं. मी ते वाचलं आणि गप्प बसले. ज्याला आम्ही प्रयोगशाळेच्या वहीत 'अधिक-उणे इतकं' म्हणून लिहितो, ते इथे धर्मशास्त्रात बसलेलं होतं. शंकेला जागा ठेवली होती, आणि शंका असलेल्या माणसाने काय करायचं तेही सांगितलं होतं. फक्त एक राहिलं होतं: शंका कधी मानायची, त्याचा आकडा. पंचांग ५५ घटी ४९ पळे असं छापतं, जणू काही ते आकाशात लिहिलेलं वाचून उतरवलं आहे. त्यापुढे 'यात अर्ध्या घटीचं इकडेतिकडे होऊ शकतं' असं लिहिलं असतं तर निम्मे वाद मिटले असते. निबंधकारांनी दिलेली सवलत वापरायला लागणारी माहितीच पंचांग देत नाही.

मग अर्थातच विषय ग्रहलाघवावर आला. गणेश दैवज्ञ आमच्या जिल्ह्यातला माणूस. मुरुडजवळचं नांदगाव हे त्याचं गाव. आज लोक तिथे सिद्धिविनायकासाठी जातात. १५२० साली त्याने ग्रहलाघव लिहिला आणि एक अचाट गोष्ट केली: ज्या ज्यांवर, म्हणजे साइनच्या कोष्टकांवर, सगळं ज्योतिषगणित उभं होतं त्या त्याने काढूनच टाकल्या. गुणाकार, भागाकार, वजाबाकी येणाऱ्या कोणालाही ग्रह काढता यावेत म्हणून. चंद्राचं मंदफल, म्हणजे मध्यम चंद्राला द्यायची दुरुस्ती, काढण्याची त्याची रीत अशी: भुजाचे, म्हणजे ज्याची ज्या घ्यायची त्या कोनाचे, अंश सहाने भागा, तो भागाकार ३० मधून वजा करून बाकीला त्यानेच गुणा, या गुणाकाराचा विसावा हिस्सा ५६ मधून वजा करा, जे उरेल त्याने गुणाकाराला भागा. भुज ९० असेल तर उत्तर येतं ५ अंश १ कला ४१ विकला. भुज ३० असेल तर ज्या निम्मी, म्हणून फलही निम्मं, २ अंश ३० कला ५० विकला यायला हवं. त्याच्या रीतीने येतं २ अंश ३० कला ४५ विकला. पाच विकलांचा फरक. तिथीच्या वेळेत मांडलं तर दहाएक सेकंद.

त्या दिवशी सकाळी मी पुन्हा पुन्हा हे ताडून पाहिलं. सगळे म्हणतात ग्रहलाघव स्थूल, त्याने ज्या सोडल्या म्हणून तिथ्या चुकतात. त्या सुटसुटीत अंदाजाच्या अंगी ही चूक नाहीच. चूक आहे ती त्याच्याही आधीच्या जागी. सूर्याच्या ओढीने चंद्राच्या चालीत आणखी मोठे फरक पडतात. त्यातला सगळ्यात मोठा सव्वा अंशाचा. अमावास्या-पौर्णिमेला तो असा बसतो की सव्वासहा अंशांची दुरुस्ती पाचच अंश दिसते. जुन्या लोकांनी चंद्र ताडला तो ग्रहणांशी, आणि ग्रहणं होतात अमावास्या-पौर्णिमेलाच. तिथे पाच अंश चपखल बसतात. अष्टमीपाशी मात्र खरी दुरुस्ती साडेसात अंशांवर जाऊ शकते. एकादशी मधल्या पट्ट्यात येते. तिथेही दोन अंशांचा फरक पडू शकतो, आणि दोन अंश म्हणजे जवळजवळ चार तास. ज्या ठिकाणी रेषा आकाशाला टेकवली होती तिथे ती आजही टेकते. आपण तीच धरून दूर चालत गेलो.

त्याहून खेदाची गोष्ट पुढची. पाच अंशांच्या दुरुस्तीने तिथी काढल्या की कुठलीही तिथी ६५ घटींपेक्षा मोठी आणि ५४ पेक्षा लहान येत नाही. खऱ्या आकाशात ती साधारण ५० ते ६७ घटींपर्यंत बदलते. आता ६५ आणि ५४ या मर्यादा चंद्राच्या नव्हेत, त्या हिशेबातून निघालेल्या. पण हळूहळू त्यांना 'बाणवृद्धी रसक्षय' असं सूत्र मिळालं, साठ घटींवर पाच वाढ आणि सहा घट, आणि पुढे ते धर्माचंच लक्षण होऊन बसलं. दृक्‌प्रत्ययाची, म्हणजे डोळ्यांना दिसेल तशी, पंचांगं निघाली तेव्हा त्यांच्यातल्या सात वाढीच्या आणि दहा घटीच्या तिथ्या पाहून शास्त्री म्हणाले, ही अशास्त्रीय. अंदाजाच्या हद्दीला आज्ञेचं रूप आलं होतं. केरो लक्ष्मण छत्र्यांपासून टिळकांपर्यंत कितीतरी मोठी माणसं या वादात उतरली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' मध्ये या परंपरेचा जो इतिहास लिहिला, त्या तोडीचं शास्त्रीय गद्य मराठीत फार थोडं आहे. (दीक्षितही मुरुडचेच, पण त्यांचं मुरुड दापोलीजवळचं. आमच्याकडचे लोक बिनदिक्कत त्यांना आपल्यात ओढतात.)

आणि हे सगळं गणेश दैवज्ञाच्या नावावर! त्याने स्वतः चंद्र सूर्यसिद्धांतातून घेतला तो नऊ कला वजा करून; कारण जसाच्या तसा घेतला तर आकाशाशी जुळेना. त्याच्या वडिलांनी, केशवाने, आणखी स्पष्ट लिहून ठेवलं होतं: पुढे फरक पडत जाणार, तेव्हाच्या गणकांनी ग्रहांच्या युती, उदय, अस्त प्रत्यक्ष पाहून गणितात कमी-जास्त करून घ्यावं. बापाने सांगितलं, मुलाने केलं. पुढच्यांनी मुलाचे आकडे तेवढे उचलले आणि बापाचं वाक्य सोडून दिलं.

मामंजींना गणिती लोकांवरही थोडं तोंडसुख घ्यायचं होतं, आणि ती संधी मीच दिली. मी त्यांना बिशप बर्कलीची गोष्ट सांगितली. आयर्लंडमधला हा धर्माधिकारी. न्यूटनच्या अनुयायांतले काही गणिती धर्मश्रद्धेची टर उडवत, तेव्हा १७३४ साली 'द अ‍ॅनालिस्ट' नावाचं पुस्तक लिहून त्याने त्यांना गाठलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही चढ काढताना आधी एक छोटीशी वाढ धरता, ती शून्य नाही म्हणून तिने भागता, आणि भागून झाल्यावर ती शून्य आहे म्हणून टाकून देता. हे ज्याला पचतं त्याने देवाधर्मातल्या गूढांना नाकं मुरडू नयेत. मामंजींना हा बिशप फार आवडला. "बरोबर पकडलंन," म्हणाले.

पकडलं होतंच. न्यूटनच्या काळच्या मांडणीत ते भोक खरोखरच होतं, आणि ते बुजायला एकोणिसावं शतक उजाडलं. कोशीने १८२१ मध्ये आणि नंतर वायरश्ट्रासने जी मांडणी केली तिचा मथितार्थ एका संवादात मावतो. तुम्ही सांगा, किती चूक चालेल. मी सांगते, किती जवळ राहावं लागेल. कितीही लहान चूक मागा, माझ्याकडे उत्तर असेल. इथे 'नाहीशी होणारी राशी' वगैरे काही उरत नाही, उरतो तो फक्त करार. कुठल्याही क्षणीची गती म्हणजे काय, तर अशी सरळ रेषा की जवळ जाताना तिची चूक अंतरापेक्षाही झपाट्याने घटत जाते. म्हणजे 'खरी गती' आधी आणि तिचा अंदाज नंतर, असा क्रमच नाही. गती सांगायची ती अंदाजाच्या भाषेतच. 'साधारण' ही काही सत्याची पडछाया नव्हे. किती साधारण, हे सांगितलं की ते पुरतं सत्य आहे.

मामंजींच्या ओळखीचे एक वेदांती गृहस्थ मधूनमधून यायचे. त्यांनी लगेच यातून अद्वैत काढलं: व्यावहारिक सत्य म्हणजे तुमची स्पर्शिका, पारमार्थिक सत्य म्हणजे वक्र. ऐकायला गोड आहे, पण मला पटलं नाही, आजही पटत नाही. दोरीवर साप दिसतो तेव्हा तो साप थोडाथोडा दोरीच्या जवळ सरकत नसतो. अंधार पाऊण कमी झाला म्हणून सापाची चूक पाव होत नाही. कळतं ते एकदम कळतं. शंकराचार्यांची माया घटत जाणारी बाकी नाही, आणि तशी ती करून टाकली तर अद्वैत सोपं होतं, अद्वैत राहत नाही.

मामंजींचा स्वतःचा तोडगा यापेक्षा पक्का होता. ते म्हणाले, "प्रत्येक कर्माच्या शेवटी आम्ही म्हणतोच की, मंत्रात, क्रियेत, भक्तीत उणं राहिलं असेल, जास्त झालं असेल, ते देवाने पुरं करून घ्यावं. तुझं अधिक-उणे तिथे आहे." मी थक्क झाले. उणं आणि अधिक, दोन्ही चिन्हांसकट बाकी तिथे नोंदलेली होती. संकल्पात 'साधारण' नाही, पण समाप्तीत आहे.

तरीही मी हटले नाही, आणि आमचं भांडण खरं तर इथेच झालं. माझं म्हणणं असं होतं की ही क्षमा न कळलेल्या चुकीसाठी आहे. काल तुम्हाला ठाऊक नव्हतं, कालचं सगळं त्या प्रार्थनेत जमा झालं, ते असत्य नव्हतं. पण चूक किती आहे आणि कोणत्या बाजूला आहे हे कळल्यावर तोच आकडा पुन्हा उच्चारायचा आणि शेवटी क्षमा मागायची, हे चालणार नाही. जी बाकी काढता येते ती काढलीच पाहिजे. देवावर सोडायची ती त्याच्या पलीकडची. मामंजी म्हणाले, तू कोर्टात असायला हवी होतीस. म्हणाले आणि दोन दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सोलापूरचं दाते पंचांग आणवलं. दशमी ५६ घटींच्या अलीकडे-पलीकडे अर्ध्या घटीच्या आत संपत असेल तिथे ते पेन्सिलीने 'शं' लिहायला लागले, आणि अशा वेळी बिनतक्रार द्वादशीला उपास. अर्धी घटी फार होते, दृक्‌गणितात एवढी चूक नसते, असं मी सांगून पाहिलं. त्यांचं उत्तर: सूर्योदय कुठला घेतलास? सोलापूरचा की अलिबागचा? त्या दोन सूर्योदयांत बारा मिनिटांच्या आसपास, म्हणजे अर्ध्या घटीचा फरक आहे, हे त्यांनी कागदावर आकडा न मांडता सांगितलं. अलिबागचा घेतला तरी सूर्यबिंबाची वरची कड धरायची की मध्य, हवेतून किरण वाकतात ते धरायचं की नाही, यात तीन-चार मिनिटं जातातच. हल्ली माझा भाचा न्यू जर्सीहून फोनमधल्या अ‍ॅपवर एकादशीची समाप्ती सेकंदापर्यंत वाचून दाखवतो. तो सूर्योदय कुणी कसा धरला आहे, हे त्याच्या अ‍ॅपलाही सांगता येत नाही. विठोबाच्या आषाढीला पंढरपूरचा दिवस पाळावा की तिथला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, संकल्पात जिथला पत्ता सांगशील तिथला.

एक गोष्ट मात्र मामंजींनी बदलू दिली नाही. त्यांचे वडील गेले ती वेळ घरातल्या जुन्या वहीत होती, आणि जुन्या पंचांगाप्रमाणे ती तिथी वद्य अष्टमी. मी आकडे घेऊन बसले आणि हिशेब केला, तर आकाशातली अष्टमी त्याच्या तासभर आधीच सरली होती. नवमी लागली होती. अष्टमीजवळच फरक सर्वांत मोठा, त्यामुळे आश्चर्य नव्हतं. मी आकडे पुढे ठेवले. माझाच युक्तिवाद माझ्यावर उलटणार नाही याची मला खात्री होती: चूक कळली आहे, बाजू कळली आहे, आता दुरुस्त करा. त्यांनी कागद नीट वाचला, एके ठिकाणी भागाकार स्वतः करून पाहिला, बरोबर आहे म्हणाले, आणि श्राद्ध अष्टमीलाच ठेवलं. एकादशी देवाशी आहे, त्याला कुठलाही दिवस कळवता येतो. वडिलांना जी तिथी ठाऊक होती तीच ते पाहणार, असं त्यांचं कारण. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते तर्काला धरून आहे असंही मी मानत नाही.

मामंजींचं स्वतःचं श्राद्ध आम्ही दृक्‌गणिताच्या तिथीला करतो. त्यांच्या वडिलांचं अष्टमीलाच. भटजी दर वर्षी विचारतात, एकाच घरात दोन गणितं कशी, आणि दर वर्षी मी त्यांना चहा होईपर्यंत थांबायला सांगते, कारण उत्तर चंद्राच्या सव्वा अंशापासून सुरू करावं लागतं.